निराधार होण्याची तयारी

"आजपासून आयेक ह्या जगात कोण नाय," असं गुरुदासाने जाहीर केलं आणि ताट पुढे सरकवून आयेकडेच आणखी एक आंबोळी मागितली. आयेने दोन वाढल्या.

घोषणेमागे प्रेमच होतं. पद्मावतीने, म्हणजे त्याच्या आयेने, जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले. कनवटीला स्वतःचे पैसे असत आणि ते खर्चायला ती कोणाला विचारत नसे. गुडघे गेले तशी पाटीही गेली. आता पानाची तंबाखू हवी तरी सुनेला सांगावं लागे. शेवंती लगेच देई, वर आणखी काय हवं तेही विचारी. म्हातारीला नेमकं तेच झोंबे. म्हणून गुरुदासाने निराधारांच्या पेन्शनीचा अर्ज केला. योजना उत्तम होती. फक्त त्यासाठी आये निराधार असायला हवी होती, आणि घरात तेवढ्याच एका गोष्टीची टंचाई होती.

चौकशीला तलाठी येणार होते त्या सकाळी सगळं घर आयेला निराधार करायच्या कामाला लागलं. फाटकं लुगडं घरात मिळेना, म्हणून शेवंतीने ते शेजारच्या राधाबाईकडून मागून आणलं आणि धुऊन, इस्त्री करून सासूला नेसवलं. मग ती पोरांना घेऊन राधाबाईकडे जाऊन बसली. आये एकटी घाबरेल म्हणून गुरुदास मात्र घरातच, माळ्यावर चढून लपला. संशय नको म्हणून शेवंतीने जाताना शिडीही नेली.

जुन्या जाळ्यांच्या ढिगात पालथा पडून, फळीच्या फटीतून तो खाली बघत होता. तलाठी आले. आयेने गूळपाणी दिलं.

"आजी, मुलगाबिलगा कोणी?"

'कोण नाय' एवढे दोनच शब्द गुरुदासाने तिच्याकडून घोटून घेतले होते. आये गप्प. तलाठ्यांनी पुन्हा विचारलं, तरी गप्पच. ज्या घरातली माणसं पहाटे होडी पाण्यात लोटतात, त्या घरात 'झील नाय', म्हणजे मुलगा नाही, असं तोंडातून काढत नाहीत, न जाणो, दर्या ऐकायचा. हे गुरुदासाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. शिकवताना तेवढं डोक्यात आलं नव्हतं.

तलाठी भला माणूस. त्यांना वाटलं, म्हातारी हुंदका आवरत असेल. हळूच पेन काढून म्हणाले, "असू दे. कोणी नाही, असं लिहितो."

"लिवू नकात, भाऊसायबांनू," आये म्हणाली. "झील आसा माका. दोघांचा जेवता, पण आसा. सून आसा, नातवंडा आसत. पेन्शन नाय गावली तरी चलात."

माळ्यावर गुरुदासाची नजर जाळ्यांवर गेली. रोजच्या मासळीचे वाटे पडत. एक होडीचा, एक जाळ्याचा, एकेक खलाशाचा. आयेचा मात्र कधीच पडला नव्हता. त्याने फटीला तोंड लावलं आणि त्या दिवसातली दुसरी घोषणा केली.

"आये, उद्यापासून होडयेत तुजो येक वांटो. खळ्यात, दारातच बसान वीक, नायतर खा. पैशे तुजे. माका सांगा नको."

आयेचा हात आपोआप कनवटीकडे गेला. तलाठ्यांनी सावकाश मान वर करून माळ्याकडे पाहिलं.

"भाऊसायबांनू," फटीतून अदबीने आवाज आला, "राधाबायकडे शिडी आसा. जरा घेवन येशात काय?"