आगाशीपर्यंत आली

“कुठवर आली हो?” चंद्रकांताबाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

“आगाशीपर्यंत आली,” दिवाकरराव म्हणाले.

“म्हणजे सुटलीच नाही अजून.” त्या कशाबशा हसल्या.

दिवाकररावांनी अर्नाळा डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षं काढली. खिडकीवर कोणी एसटीची चौकशी केली की मान वर न करता सांगायचे, “आगाशीपर्यंत आली.” आगाशी म्हणजे डेपोच्या अलीकडचंच गाव; गाडी मात्र तिकडे विरारहून हललेलीही नसायची. गिरीजच्या वाडीत लग्न होऊन आल्यापासून बाईंना ही थाप पाठ होती.

त्यांची एकुलती एक लेक क्षितिजा त्या दुपारी ऑकलंडहून सिंगापूरपर्यंत पोचली होती. पुढचं विमान सात तासांनी होतं.

पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलं, त्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, “क्षितिजाला बोलवा.” दिवाकररावांनी मोबाइलवर पाहिलं. मुंबई ते ऑकलंड, बारा हजार तीनशे किलोमीटर, सोळा तास. त्यांना हायसं वाटलं.

“सोळा तासांचं तर आहे. गरज पडली की कळवू. नवी नोकरी तिची, उगाच कशाला घाबरवायचं?”

शेजारची क्लेमेंटीन पेज घेऊन आली की रोज टोकायची, “भाऊ, पोरीला बोलवून घ्या. मग रडत बसाल.” ते मोबाइलवरचे सोळा तास तिच्यापुढे धरायचे.

ते सोळा तास सरळ रेषेचे होते, आणि त्या रेषेवरून विमानच जात नव्हतं. शेवटी फोन केला तेव्हा तिकीट तिसऱ्या दिवशीचं मिळालं, तेही मधे विमान बदलायचं. जन्मभर वेळापत्रक सांभाळलेल्या माणसाला, मुळात गाडी आहे का, एवढं बघायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता चंद्रकांताबाई गेल्या. विमान तेव्हा हवेत होतं.

अकराला क्षितिजा अंगणात आली. लोक बाजूला झाले. ती आईच्या उशाशी बसली, तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “बाबा, हवा खराब म्हणून फ्लाइट चार तास लेट झाली. नाहीतर आई भेटली असती ना?”

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. खोटंही नव्हतं ते. खिडकीत बसून असली उत्तरं त्यांनी हजारदा दिली होती.

“विमानाचं काही नाही गं,” दिवाकरराव म्हणाले. “तिने पंधरा दिवसांपूर्वीच तुला बोलवायला सांगितलं होतं. गाडी मीच उशिरा सोडली.”

क्षितिजाचा हात आईच्या केसांवरच थांबला. तिने वर पाहिलं नाही.

दारातून कोणीतरी हळूच विचारलं, “भाऊ, किती वाजता निघायचं?”

दिवाकररावांनी सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग हात खाली घेतला.

“क्षितिजा सांगेल तेव्हा,” ते म्हणाले, आणि भिंतीला टेकून खाली बसले.