पिराजीचा नवस

विजयसिंहानं चेहरा गंभीर केला की लोक आधी हात मागं नेऊन पाठीवर काही चिकटवलंय का ते बघायचे. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढणाऱ्या पिराजीला तर त्यानं एकदा पटवलं होतं, की महापालिकेनं म्हशींना हेल्मेट सक्तीचं केलंय. बिचारा दुकानात माप विचारून आला होता.

आता तोच पिराजी पूरग्रस्तांसाठी उघडलेल्या शाळेत, सहावी ब च्या वर्गात, भिंतीला टेकून बसला होता. पंचगंगेचं पाणी त्याच्या गावात, चिखलीत शिरलं, गाव बाहेर पडलं, पण त्याची बायको बयाबाई म्हशी सोडून हलली नाही. पिराजी बोट बघायला पुढं आला आणि मागं पाणी चढलं. सकाळपासून तिचा फोन बंद. तिला आणायला बोट गेलेली, परतली नव्हती.

विजयसिंह आपल्या रिक्षातून चर्चच्या खिचडीची पातेली घेऊन आला होता. दर रविवारी तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा, पण बाहेर येशूचं नाव कधी काढलं नाही. ह्याच्या तोंडून ऐकून लोक हसायलाच लागले असते.

"जेव की," तो पिराजीला म्हणाला.

"उतरत न्हाय."

इथं एखादी थाप टाकायची, एवढं त्याला सवयीनं कळत होतं. पण तोंडातून आलं भलतंच. "बयावहिनींसाठी प्रार्थना करू? येशूकडं."

पिराजीनं हात मागं नेऊन पाठ चाचपली.

"चेष्टा न्हाय लेका."

शेजारी सयाजी तंबाखू मळत होता. "पुरात गाठून धर्मात वडतोस व्हय रं? डाव बरा हाय."

विजयसिंह गडबडला. आपण तसंच करतोय का? त्याचं त्यालाच सांगता येईना.

"सयाजी, गप," पिराजी म्हणाला. "त्यो काय घेतो?"

"कोण?"

"तुझा द्येव. जोतिबाला गुलाल-खोबरं, बिरोबाला बकरं. ह्याला काय बोलायचं?"

"काय न्हाय घेत."

"नारळ तरी?"

"नारळबी न्हाय."

पिराजीचा चेहरा पडला. "काय घेतच न्हाय, तर त्यो करंल कशाला? चेष्टाच चाललीया न्हवं तुझी?"

एक पांढरा कोंबडा सांगितला असता तर गडी शांत झाला असता. कोंबडा अगदी जिभेवर येऊन बसला होता. थाप मारली तर ह्याला धीर येतोय आणि खरं बोललं तर असलेला जातोय, हे काय त्रांगडं? पास्टर यावर तासभर बोलायचे. त्यातलं आत्ता काही म्हणजे काही आठवेना.

"खरंच काय लागत न्हाय," तो म्हणाला. "का लागत न्हाय, ते मलाबी नीट समजल्यालं न्हाय."

विजयसिंहाला एखादी गोष्ट समजत नाही, हे कट्ट्यावर आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"मग कर," पिराजी म्हणाला.

विजयसिंहानं डोळे मिटले. 'हे स्वर्गीय पित्या' इथवर गाडी नीट गेली आणि अडकली. "बयावहिनी चिखलीत हायत. घर तुला ठाऊक हाय. आण तेवढं त्यास्नी. आमेन."

वर्ग हसायला टपून बसला होता. कुणी हसलं नाही.

दुपारी बोट आली. बयाबाई चिंब भिजून उतरली, कडेवर रेडकू.

"फोन का बंद?" पिराजी ओरडला.

"लाईट न्हाय. चार्जिंग काय म्हशीनं करायचं?"

पिराजीनं नाक पुसलं आणि विजयसिंहाकडं बोट दाखवलं. "ह्यानं त्याच्या द्येवाला सांगिटलं. काय घेतलं न्हाय."

बयाबाईनं विजयसिंहाला खालीवर न्याहाळलं. "काय लागत न्हाय, तर म्हशींचंबी सांग की. दावं सोडून आलीया. गळ्याएवढं पाणी हाय."

सयाजीनं तंबाखू थुंकली. "माझी शेळीबी ऱ्हायलीया तिकडं," तो भिंतीकडं बघत म्हणाला.

विजयसिंहानं डोकं खाजवलं. वहिनी प्रार्थनेनं आल्या की बोटवाल्यामुळं? आणि म्हशी आल्याच नाहीत, तर ह्या लोकांसमोर येशूचं काय व्हायचं?

"न्हाय आल्या तर, वहिनी?"

"तर न्हाय आल्या. रडीन मी. तू सांग तर."

त्यानं डोळे मिटले आणि परत उघडले.

"नावं काय त्यांची?" त्यानं विचारलं.