पितरांपुढची हिरवी बाटली

मी एक बाटली बोलतेय. हिरव्या काचेची, बारीक गळ्याची. पोटात काय आहे ते बाहेरून कळू देत नाही. हा एक गुण सोडला तर मिरवावं असं माझ्यात काही नाही.

भट्टीत जन्मले, कारखान्यात फसफसतं गोड पेय पोटभर भरून घेतलं आणि ट्रकमधून या डोंगरवस्तीत आले. वाटलं होतं, कुणाची तरी तहान भागवीन. पण मला थेट पितरांपुढे नेऊन ठेवलं.

इथे कुणी आजारी पडलं की मावशी पितरांना गाऱ्हाणं घालते. सगळी वस्ती तिला मावशीच म्हणते. पूर्वी पितरांना दारू लागायची. पुरुष त्यात बुडाले, तेव्हा मावशीनेच कंबर कसून दारू बंद केली आणि तिच्या जागी आम्हाला बसवलं. एक घोट जमिनीला, एक आजाऱ्याला, उरलेलं सगळं मावशीने प्यायचं. टाकायचं नाही. तिला ढेकर आला की पीडा गेली.

कधी दिवसाला तीन-तीन घरं. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. मावशीच्या रक्तात साखर वाढली, पायाचं एक बोट कापावं लागलं. तिची सख्खी भाची दवाखान्यात नर्स आहे. तिला रडू फुटलं.

"मावशी, आता सोड. पुढच्या वेळी पाय जाईल."

"पितरांपुढचं ओतून देऊ? मग आजारी माणसानं कुणाकडे बघायचं गं?"

पुढे भाचीचाच नवरा तापाने पडला. औषध चालू होतं, पण सासूला गाऱ्हाणंही हवं होतं. भाचीने मला मोरीत रिकामं केलं, झऱ्याचं पाणी भरलं आणि मावशीच्या हाती दिलं.

जमिनीला घोट गेला. नवऱ्याच्या तोंडाची चवच गेलेली, त्याला कळलं नाही. मावशीने मात्र घोट घेतला आणि थांबली. भाची खाली मान घालून उभी. मावशीने मला शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.

ढेकर येईना. पाण्याने कसा येणार? सासू कुजबुजली, "आला नाही."

मग मावशीने पोट आत ओढलं आणि असा ढेकर दिला की दारातली कोंबडी फडफडत पळाली.

"गेली पीडा," ती म्हणाली.

तेव्हापासून ती मलाच घरोघर नेते, वाटेत झऱ्यावर भरून. एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय, कुणी बोलत नाही. माझं एकच मागणं आहे: मला पुन्हा गोडाने भरू नका.

दाराशी चपलांचा जोड असतो. मावशी त्यात दोन्ही पाय घालते, मला काखोटीला मारते, आणि आम्ही निघतो.