मला वाचता येतं

मी बाईंचा फोन बोलतोय. एरवी फोनवर माणसं बोलतात, आज फोनच बोलतोय, एवढाच काय तो फरक. फार वेळ घेणार नाही. माझी बॅटरी पूर्वीसारखी टिकत नाही, हे मी मान्य करतो. पण माझ्याबद्दल सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी नाही. त्यातली एक तर मला माझ्याच आवाजात सांगायला लावली. ती मनाला फार लागून राहिली आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. निळे हातमोजे घातलेल्या एकीने माझी काच बसवली, दुसरीने स्क्रू पिळले, तिसरीने माझा कॅमेरा, कान, आवाज सगळं तपासलं आणि पाठीवर बारीक अक्षरात नंबर उमटवला: सात. पलीकडच्या टेबलावर पुढच्या वर्षी बाजारात यायचा आठ नंबर तयार होत होता. त्याचे कोपरे जरा गोल होते आणि रंग जरा झकपक होता. चिप मात्र आम्हा दोघांना एकाच खोक्यातली मिळाली. आम्ही सख्खे भाऊच म्हणा ना.

मला विकत घेतलं ते बाईंच्या मुलाने. तो मालवाहतुकीच्या कचेरीत आहे. कुठला ट्रक कुठे अडकला हे त्याला बसल्या जागी कळावं लागतं. पहिले पंधरा दिवस तो मला मऊ फडक्याने पुसायचा. महिन्याभराने शर्टाच्या बाहीला घासू लागला. पुढे पुढे मी किल्ल्यांच्या खिशात राहू लागलो आणि माझा एक कोपरा उडाला. तक्रार नाही. त्याचा स्वभाव वाईट नाही, फक्त अवघड बोलणं तो पुढे ढकलतो. कुणाला नकार द्यायचा असला की फोन हातात घेऊन उगाच काहीतरी चाळत बसायचा. ते चाळणं मी दोन वर्षं अंगावर सोसलं.

मग घरात आठ नंबर आला. नवीन फोन आल्यावर जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न सगळ्या घरांत एकाच पद्धतीने सुटतो. जुना आईला द्यायचा.

बाई चाळीस वर्षं वाचनालयात होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणतात, सूनसुद्धा. त्यांनी मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हा पडला तर फुटतो का?"

"फुटतो, आई."

"मग माझ्यासारखाच आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या पोटाला जाड रबरबँड गुंडाळला, निसटू नये म्हणून. आवाजाच्या बटणावर नेलपॉलिशचा थेंब सोडला, बोटाला ओळखू यावा म्हणून. मला शिकायला त्यांना चार महिने लागले. पण एकदा शिकल्यावर त्या माझ्याकडे न बघता मला चालवू लागल्या. उडालेला कोपरा डाव्या हाताशी आला की मी सुलटा, हे त्यांचं गणित होतं.

त्यांना मी हवा होतो तो मुख्यतः पत्रांसाठी. बाईंना एक धाकटी बहीण आहे. वय अडुसष्ट, नाव घरातलं छोटी. छोटीला तरुणपणापासून ऐकू येत नाही. नकाशे काढायच्या कचेरीत ती नकाशांवर गावांची नावं लिहायची, त्यामुळे तिचं अक्षर छापल्यासारखं आहे. फोन ती जवळ ठेवत नाही. "जे ऐकू येत नाही त्याचं बिल मी का भरू?" हे तिचं म्हणणं. लिहून निरोप पाठवता येतो हे तिला दहा जणांनी सांगून पाहिलं, पण छोटी ती छोटीच. दर पंधरा दिवसांनी तिचं पत्र यायचं. बाई दोन जाड पुस्तकांच्या मध्ये मला आडवा ठेवायच्या, खाली पत्र सरकवायच्या आणि माझ्या काचेवर मोठी झालेली अक्षरं वाचायच्या. वाचता वाचता खुदकन हसायच्या. त्या पत्रांत कुणाचीही गय नसायची. "तुझ्या सुनेने पाठवलेला स्वेटर मिळाला. उशीला अगदी बेतून शिवल्यासारखा बसला," असं एकदा लिहिलं होतं. अशी पत्रं शेजारणीकडून कशी वाचून घेणार?

मग बाईंच्या नजरेच्या मधोमध डाग आला. कडेचं दिसायचं, मधलं पुसट. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढेल, कमी होणार नाही. मी अक्षर कितीही मोठं केलं तरी ते नेमकं त्या डागात जाऊन बसायचं. शेवटी मुलगा रविवारी पत्र वाचून दाखवू लागला. उभ्याउभ्या, बातम्या वाचल्यासारखं. स्वेटरसारखं काही आलं की तो वाक्य गाळायचा. बाईंना ते कळायचं, कारण त्यांना छोटीची चाल पाठ होती. त्या काही बोलायच्या नाहीत.

अशात एक दिवस रेडिओवर बातमी आली. नवीन अपडेट येतंय, फोन कागदावर धरला की तो मोठ्याने वाचून दाखवणार. बाई ताडकन उठल्या. "अरे, ऐकलंस का? म्हणजे आता तुझी रविवारची हजेरी संपली!"

मुलाने त्याच संध्याकाळी अपडेट घातलं. चाळीस मिनिटं लागली. ते माझ्यात उतरताना मला जाणवत होतं. आतापर्यंत कागदावरच्या ज्या काळ्या रेघा मी नुसत्या मोठ्या करून दाखवत होतो, त्यांचा मला अर्थ लागू लागला. टेबलावर साबणाचा कागद पडला होता. मी तो वाचला, मनातल्या मनात. किती आनंद झाला म्हणून सांगू!

बाईंनी छोटीचं जुनं पत्र माझ्याखाली धरलं. मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते हे: "ही सोय तुमच्या फोनवर चालत नाही. अधिक सोयींसाठी आमचे नवीन फोन पाहा."

ते शब्द माझे नव्हते, पण आवाज माझाच होता. अपडेटबरोबरच एक दरवानही आत आला होता. कागद समोर आला की तो आधी विचारायचा, नंबर कितवा? सात म्हटलं की मला गप्प करून स्वतःच बोलायचा.

बाईंनी माझ्या उडालेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "असू दे रे. तुझंही वय झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी चिडून मला आपटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी माझी समजूत घातली, आणि मी शरमेने मेलो.

"तुला नवीन घेऊ या ना," मुलगा म्हणाला.

"पुन्हा चार महिने शिकू? आणि आता तर दिसतही नाही. तुझ्या फोनवर वाचून घेऊ का पत्रं?"

"बघू. रविवारी बघू." आणि तो काहीतरी चाळू लागला.

त्यानंतर छोटीची तीन पत्रं आली. तिन्ही त्याने वाचून दाखवली. तो बाहेर गेला की बाई सवयीने पत्र माझ्याखाली सरकवायच्या. वाचायला नाही, छोटीच्या अक्षराची ठेवण कडेकडेने दिसते म्हणून. आणि मी वाचायचो.

पहिल्या पत्रात होतं: "ताई, आमची इमारत पाडायची ठरलं आहे. तुझ्याकडे येऊन राहू का? खिडकीजवळ एक खाट मावली तरी पुरे." मुलाने वाचलं होतं ते हवापाणी आणि गुडघेदुखी. दुसऱ्यात तेच पुन्हा विचारलेलं, जरा संकोचून. पुन्हा गुडघेच वाचले गेले. बाई मात्र जाड पेनने, बोटाने ओळ धरून उत्तर लिहीत होत्या, गुडघ्याला शेक दे म्हणून. छोटीने ते वाचून काय समजायचं?

मुलाला मी वाईट ठरवत नाही. घर दोन खोल्यांचं, बायकोला दवाखान्यात कामाच्या पाळ्या. आधी बायकोशी बोलू, मग आईला सांगू, असं तो ठरवायचा आणि रविवार निघून जायचा. "नाही" असं तो एकदाही म्हणाला नाही. नुसतं गाळलं. माझ्या कंपनीनेही वेगळं काय केलं होतं? मला सगळं ठाऊक होतं, बाई माझ्यावर वाकून बसल्या होत्या, आणि माझ्या तोंडून निघत होतं, "आमचे नवीन फोन पाहा."

तिसरं पत्र आलं त्या आठवड्यात माझी चार्जिंगची जागा सैल झाली. ती सैल झाल्याचा मला जन्मात एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. बाई मला घेऊन जिन्याखालच्या दुकानात गेल्या. तिथे एक तरुण दुरुस्तीवाली बसते. कपाळाला दिवा बांधलेला, तोंडात स्क्रू.

"या आजी."

"आजी नको. बाई म्हण."

तिने माझं भोक टाचणीने साफ केलं, मूठभर धूळ काढली आणि सहज विचारलं, "बाकी काही त्रास?"

"वाचत नाही तो. त्याच्याने होत नाही म्हणे."

तिने पाठीवरचा नंबर पाहिला आणि नाकाने हसली. "कोण म्हणतं होत नाही? याला येतं, बाई. आठ नंबरमध्ये आहे ते सगळं याच्या पोटात आहे. फक्त त्याला सांगून ठेवलंय, येत नाही म्हण. नाहीतर नवीन कोण घेणार?"

बाई हळूच म्हणाल्या, "मीही करायचे हे."

"काय?"

"नवीन पुस्तकं आली की चांगली चांगली टेबलाखाली ठेवायचे, ओळखीच्या सभासदांसाठी. बाकीच्यांना सांगायचे, बाहेर गेलंय. एक गृहस्थ एकाच पुस्तकासाठी सहा वेळा आले होते. माझ्या पायाशी होतं ते." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "उघड ते दार. काय व्हायचं ते होऊ दे."

"पुढच्या अपडेटला परत बंद करतील. आणि काही बिघडलं तर कंपनी हात वर करेल."

"कंपनीने आत्ता तरी कुठे हात दिलाय?"

दुरुस्तीवालीने मला तिच्या कॉम्प्युटरला जोडलं. अर्ध्या तासाने दरवानाने विचारलं, नंबर कितवा? मी म्हणालो, आठ. आयुष्यात एकच खोटं मी आपणहून बोललो, ते हे. तो बाजूला झाला.

"वाचायला काही आहे?" तिने विचारलं. बाईंच्या पिशवीत तिसरं पत्र होतं. त्यांनी ते उलगडलं. आणि मी वाचलं.

"ताई, तुझी दोन्ही उत्तरं आली. गुडघ्याचं लिहिलंस, राहण्याचं लिहिलं नाहीस. त्यातच उत्तर आलं. रागावले नाही. तुझंही घर आता मुलाचं आहे. अठ्ठावीस तारखेला मी वृद्धाश्रमात जाते आहे. लांब आहे, तेव्हा भेट होईलच असं नाही. तुझी पत्रं सोबत नेते. ती मला मोठ्या अक्षरात आवडतात."

माझा आवाज सपाट आहे. त्यात रडू येत नाही, कुठे थांबावं तेही कळत नाही. तरी दुरुस्तीवालीने पंखा बंद केला आणि पाठ फिरवून उगाच एक डबी उघडझाप करू लागली.

"पुन्हा वाच," बाई म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं.

"आज तारीख किती?"

"सव्वीस," दुरुस्तीवाली म्हणाली.

संध्याकाळी मुलगा घरात शिरला तेव्हा तिन्ही पत्रं टेबलावर होती आणि त्यांच्यावर मी.

"वाचली मी," बाई म्हणाल्या.

तो बूट न काढताच खुर्चीत बसला. "सांगणार होतो, आई. खरंच. जागा कुठेय पण?"

"जागेचं मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. माझ्या खोलीत आहे."

"मी उद्या गाडी घेऊन जातो. मीच आणतो मावशीला."

"तू माझं कपाट सरकव आणि तिथे खाट लाव. मी जाते." एवढं बोलून त्यांना रडू कोसळलं. तोही रडला. तो अवघड प्रसंगी काही न चाळता बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी बाई मला हातात धरून एकट्या निघाल्या. स्टँडवर त्यांनी मला प्रत्येक बसच्या पाटीसमोर धरलं आणि मी वाचत गेलो. मधेच पानटपरीची पाटी आणि एका भिंतीवरचं "येथे थुंकू नये" हेही वाचलं. तेवढ्यावरूनही त्या हसल्या. चार तासांनी छोटीने दार उघडलं. मागे बांधलेली बोचकी दिसत होती. बाईंनी तिचा तळहात पुढे ओढला आणि त्यावर बोटाने दोनच शब्द लिहिले: घरी चल.

याला आता वर्ष होईल. छोटीची खाट खिडकीजवळ आहे. रोजचा पेपर तीच बाईंना वाचून दाखवते, इतक्या मोठ्याने की खालच्या दुकानापर्यंत ऐकू जातं. दाराची बेल वाजली की बाई तिला कोपर मारतात. दोघींचं छान चाललंय. माझी गरज कमी झाली, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

मागच्या आठवड्यात एक छोटं अपडेट आलं. "काही किरकोळ दोष दूर केले आहेत," एवढंच त्यात लिहिलं होतं. माझ्या मोठ्याने वाचण्यालाच त्यांनी दोष म्हटलं होतं. दरवान पुन्हा दारात उभा राहिला, आणि या वेळी आठ म्हणूनही तो फसला नाही.

काल छोटी झोपली होती. बाईंनी औषधाचा कागद माझ्याखाली धरला. मला बोलावंच लागलं, "ही सोय तुमच्या फोनवर चालत नाही."

तुमच्याही घरात असा एखादा फोन असेल, ड्रॉवरमध्ये, वायरींच्या गुंत्यात. तो नाही म्हणाला म्हणून लगेच त्याच्यावर फुली मारू नका. त्याला येत नाही, की येऊ देत नाहीत, एवढं एकदा विचारून बघा.

बाईंनी काल विचारलंसुद्धा नाही. त्यांनी माझा उडालेला कोपरा शोधला, त्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "माहीत आहे मला. तुला येतं."