दोन जाळी, एक कोपर

इतवारी काकाजींनी सुईला टोचलेला बिबा दिव्यावर धरला, तेव्हा गीताबाईने उजवा हात मागे घेतला.

"आन इकडं," काकाजी म्हणाले. "कोपरावर एक टिपका. फोड येते, फुटते, दुखणं त्याच्यासंगं जाते."

"नाही लावत. फोड आला का जाळं कसं धरू?"

"आता तरी कोठी धरता येते तुले?"

ते खरं होतं. त्या सकाळी धरणाच्या पाण्यावर जाळं तिच्या हातून सुटलं होतं. घरी आल्यावर चहाचा कपही उचलवेना. कोपराच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकावर, कोणी खिळा ठोकावा तशी कळ येई.

नवरा प्रीतम डोंगा वल्हवायचा आणि गीताबाई जाळं फेकायची. पुनर्वसनाच्या वस्तीत जाळं फेकणारी दुसरी बाई नव्हती. प्रीतमचे चुलते इतवारी शेजारीच राहत. त्यांचा स्वतःचा डोंगा कुजला होता, म्हणून ते काठावरून जाळं टाकत, आणि प्रीतमच्या डोंग्यातल्या गीताबाईच्या जागेवर त्यांचा डोळा होता.

"चाळीस वर्सं फेकून राहिलो," ते म्हणाले. "माहा कोपर दुखला का कधी? बाईच्या हाताचं कामच नाही हे. तू बाजारात बस, मासोऱ्या इक. मी बसतो डोंग्यात."

प्रीतम डोंग्याच्या फटीत डांबर भरत होता. मान वर न करता म्हणाला, "संक्रांतीपर्यंत, दोन-तीन महिने बसा, काकाजी. मंग पाहू."

"पाहू नाही," गीताबाई म्हणाली. "संक्रांतीले मी बसन."

दुसऱ्या दिवशी ती रुग्णालयात गेली. तिथल्या फिजिओथेरपिस्ट तृप्ती मॅडमनी तिचा हात सरळ करायला लावला, तळवा जमिनीकडे, आणि म्हणाल्या, "पंजा वर उचला, मी खाली दाबते." गीताबाई कळवळली.

"टेनिस एल्बो," मॅडम म्हणाल्या.

"मी कोठी टेनिस खेळून राहिली, मॅडम?"

"नावच तसं पडलंय. मनगट वर उचलणारे स्नायू इथं हाडाला जोडलेले असतात. ज्या दोरीनं जोडलेत, ती झिजलीय. घट्ट मूठ करून, तळवा खाली ठेवून तेच ते काम केलं की असं होतं."

"सुई देऊन टाका ना. संक्रांतीच्या आंधी बरं व्हाव लागते."

"सुईनं महिनाभर बरं वाटेल. पण पुढं सुई न घेतलेल्यांपेक्षा दुखणं जास्त रेंगाळतं, असं दिसून आलंय. आणि हात नुसता गळ्यात बांधून ठेवला तर दोरी आणखी अशक्त होते. तिला थोडं थोडं ओझं देऊन मजबूत करायचं." मग त्यांनी विचारलं, "जाळं फेकून दाखवता?"

गीताबाईने कोपऱ्यातली चादर उचलून फेकली. कळ आली, पण थोडी.

"आणि त्यानंतर काय करता?"

"धुतो. शेवाळ बसते ना, पिळाव लागते." तिने चादरीला पीळ दिला आणि तिथेच तिचा श्वास अडकला. चादर खाली पडली.

गीताबाई चादरीकडे पाहत राहिली. "काकाजीचं जाळंबी मीच पिळतो," ती सावकाश म्हणाली. "रोज. माहं आणि त्याहीचं. लग्न झाल्यापासून. त्याहीनं चाळीस वर्सांत एक डाव जाळं पिळलं नाही. आंधी काकी पिळे, मंग मी."

संध्याकाळी काकाजींचं ओलं जाळं नेहमीसारखं तिच्या दारात येऊन पडलं होतं. तिने ते डाव्या हाताने ओढत नेलं आणि त्यांच्या दारात टाकलं.

"हे काय वो, सूनबाई?"

"जो फेकते, तो पिळते."

"लोक काय म्हणतीन?"

"लोकाईले म्हणा, येऊन पिळा."

त्या दिवसापासून काकाजी कुरकुरत आपलं जाळं आपणच पिळू लागले. मॅडमनी शिकवलेल्या व्यायामासाठी गीताबाईने जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्यांतल्या थोड्या फडक्यात बांधल्या. हात मांडीवर टेकवायचा, तळवा खाली करून पंजा गुडघ्यापुढे सोडायचा, पुरचुंडी धरायची. डाव्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यायचं, आधार काढायचा आणि सावकाश खाली सोडायचं. दुखायचं. सहन होईल इतकं दुखलं तर चालेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या. दुसऱ्या सकाळीही तेवढंच ठणकलं, तर ओझं कमी करायचं. एकदा तिने घाई करून गोळ्या वाढवल्या आणि पोळी लाटता येईना. प्रीतमने न बोलता लाटणं घेतलं, वेड्यावाकड्या पोळ्या केल्या. तिने गोळ्या काढल्या आणि पुन्हा हलक्यापासून सुरुवात केली.

संक्रांतीच्या सकाळी ती जाळं घेऊन काठावर आली. काकाजी डोंग्यात बसलेच होते.

"उतरा, काकाजी."

"दुखत नाही का आता?"

"दुखते. पण माहं दुखणं माहं हाय. डोंग्यातली जागाबी माही हाय."

प्रीतमने वल्हं उचललं नाही. काकाजी उतरल्याशिवाय डोंगा हलणार नव्हता. काकाजी पुटपुटत उतरले.

पहिलं जाळं वाकडं पडलं. काठावरून काकाजी मोठ्याने हसले. दुसऱ्या वेळी तिने कंबर फिरवली, मूठ सैल ठेवली, आणि जाळं गोल उघडून पाण्यावर पडलं. ओढताना तिने तळवा वर ठेवला. कोपरात कळ उठली, तिथेच थांबली, वाढली नाही.

ती परत आली तेव्हा काकाजी अजून काठावरच होते, डाव्या हातात चहाचा पेला धरून. ते काही डावरे नव्हते. जाळ्यातल्या मासोऱ्या पाहायला त्यांनी उजव्या हाताने तिचं जाळं उचललं आणि लगेच सोडून दिलं. मग डाव्या हाताने कोपर दाबलं.

प्रीतम खो खो हसू लागला.

"बिबा आणू का, काकाजी?" गीताबाईने विचारलं.

तिने कमरेची पुरचुंडी सोडली, त्यातल्या अर्ध्या गोळ्या काढून घेतल्या आणि हलकी झालेली पुरचुंडी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"हलक्यापासून सुरू करा," ती म्हणाली. "आणि जाळं तुमचं तुमीच पिळा, पण दमानं."