देवाला साबण

दिल्लीच्या टेलिव्हिजन कचेरीत नोकरीला लागल्यापासून गोपालकृष्णाला तंजावरातलं सगळंच गबाळं दिसू लागलं होतं. त्या सोमवारी सकाळी तो पायमोज्यांसकट देवघरात शिरला. कनकलताबाईंनी त्याच्या पायांकडे नुसतं पाहिलं. सोमवारी नैवेद्य होईतो त्यांचं मौन असे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून हा दीर ते बघत आला होता. दिल्लीचं पाणी लागलं आणि विसरला.

"वहिनी, तुमचा कृष्ण टेलिव्हिजनवर येणार! चित्राचा फोटो काढून दुपारच्या गाडीनं निघतो मी."

कृष्ण म्हणजे सासऱ्यांच्या आजोबांनी करवून घेतलेलं चित्र. सोन्याच्या वर्खाचं, खड्यांचं. गोपालकृष्णानं चौकटीची काच आधीच काढून भिंतीशी ठेवली. मग खिशातून एक पुठ्ठा काढला. त्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पट्ट्या होत्या. धोतरजोडीचा पोत बघावा तसा तो पुठ्ठा त्यानं देवाच्या गालाला लावला.

"छे! सोनं पार वर जातंय. एवढा उजेड आमच्या यंत्राला सोसत नाही, नुसता पांढरा भडका दिसतो. आणि केस म्हणजे डांबर. सगळं मधल्या पट्ट्यांत बसवायला हवं."

देवाचा उजेड ज्याला सोसत नाही त्या यंत्राची लायकी कनकलताबाईंना तिथेच कळली.

झोपाळ्यावरून त्यांच्या यजमानांनी, सांबशिवांनी, विचारलं, "बघणार कोण रे ते?"

"दिल्लीत पेट्या आहेत की, दादा."

"पुष्कळ?"

"वाढतायत."

"आणि रंग दिसतो त्यात?"

"रंग नाही. करडंच सगळं."

"सरी, बरं! म्हणजे सोन्याचा देव नेणार नि राखेचा दाखवणार," म्हणून सांबशिवांनी काप्पीचा घोट घेतला.

गोपालकृष्ण न्हाणीत गेला आणि ओला साबण घेऊन आला. "चमकतं त्यावर आम्ही साबणच फिरवतो. चमक मरते. चालेल ना, वहिनी?" क्षणभर थांबून तो हसला. "गप्प आहात, म्हणजे चालेल."

न्हाणीतला साबण! चरबीचा, घरातल्या साऱ्यांच्या अंगावरून फिरलेला! जुना वर्ख, एकदा निघाला की गेलाच. कनकलताबाईंच्या ओठांशी शब्द आला. बोललं तर व्रत जाणार, न बोललं तर देव.

त्या उठल्या, दीर आणि चित्र यांच्या मधे उभ्या राहिल्या. काच उचलून चौकटीत बसवली. सहाणेवर पूजेसाठी उगाळलेलं चंदन होतं, ते दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि मुकुटापासून पावलांपर्यंत काचेवर थापलं. सोनं गेलं, खडे गेले, कृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळासुद्धा गेला.

"अहो वहिनी, हे काय! पुसा, पुसा!"

"देवाला चढवलेला चंदनाचा लेप, चंदनकाप्पु, पुसतात होय?" सांबशिव म्हणाले. "देवळात कधी पाहिला नाहीस? चढला की उद्याच्या पूजेलाच उतरायचा."

"आणि माझी गाडी?"

कनकलताबाईंनी सावकाश नैवेद्य दाखवला, घंटा वाजवली, तीर्थ घेतलं. मग नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, लावून बघा ना तुमचा पुठ्ठा. चमक नाही, काळं नाही. सगळं मधल्या पट्टीत आहे. घ्या फोटो."

गोपालकृष्णानं पुठ्ठ्यासाठी खिशाकडे हात नेला; हातात अजून ओला साबणच होता.

"नाही तर तो न्हाणीत ठेवा आणि हात धुऊन या. पान वाढलंय."