धक्क्यावरच्या बायकांचा नाच

व्हर्ना हुडाकला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९६६ साली, ब्रॉडवेजवळच्या आठव्या अव्हेन्यूवरच्या तालमीच्या हॉलमध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या गावातून आलेली तेवीस वर्षांची मुलगी, कोरसमध्ये, म्हणजे मागे नाचणाऱ्यांच्या रांगेत, डावीकडून चौथी. मी त्या नाटकाची दुय्यम स्टेज मॅनेजर होते. मला सगळे बर्नी म्हणायचे.

‘पियर नाइन’, म्हणजे नऊ नंबरचा धक्का, बसत होतं. बंदरावरचे हमाल आणि त्यांच्या बायका यांचं संगीत नाटक. दिग्दर्शन आणि नाच दोन्ही मॉरिस लिंडाउअरचं. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला बायका धक्क्यावर नवऱ्यांची वाट पाहत उभ्या असतात, तिथे मॉरिसची गाडी तीन दिवस अडली होती. काहीही बसवलं तरी तो म्हणायचा, “ह्या बायका कुणाची वाट बघत नाहीयेत. ह्या टाळ्यांची वाट बघतायत.”

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत व्हर्ना भिंतीशी उभी राहून अंड्याचं सँडविच खात होती. पाय भरून आले होते म्हणून ती भार ह्या पायावरून त्या पायावर टाकत होती. मध्येच थांबायची, खिडकीकडे वळायची, आणि पुन्हा तेच.

“हुडाक, काय चाललंय?” मॉरिसने विचारलं.

“काही नाही. पाय दुखतायत.”

“मग सँडविच ठेव खाली आणि परत दुखव बघू.”

ती करत गेली. त्याने विचारलं, “आता पुढे काय?” तिने पुढचंही करून दाखवलं. चार वाजेपर्यंत अख्खा नाच उभा राहिला होता. ‘पियर नाइन’चं नाव काढलं की लोकांना आजही आधी तोच आठवतो. मॉरिसने फक्त बायकांच्या रांगा लावल्या आणि शेवट थोडा लांबवला. कार्यक्रमपत्रिकेत नाव त्याचं आलं. तेव्हा तशीच पद्धत होती, आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही. मॉरिसने तिला डान्स कॅप्टन केलं, म्हणजे सगळ्यांचे नाच लक्षात ठेवायची आणि बिघडले तर सुधारायची जबाबदारी तिच्यावर. तिने त्याच संध्याकाळी आईला फोन करून ते सांगितलं.

मॉरिस १९७४ साली हृदयविकाराने गेला. त्याने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. कोण कितव्या मात्रेला वळतं, कुठला हात वर जातो, बावीस जणांचं सगळं एकट्या व्हर्नाच्या डोक्यात. नाटकाचे हक्क मॉरिसच्या बायकोकडे, अडेलकडे, आले. तिने व्हर्नाला चहाला बोलावलं आणि करार पुढे ठेवला. नाटक जिथे जाईल तिथे व्हर्नाने ते बसवायचं. एकही पाऊल बदलायचं नाही.

“बर्नी, मी आता दिग्दर्शक,” ती मला म्हणाली. तेव्हा ती खरोखर खूश होती.

मग लंडन झालं, व्हिएन्ना झालं, ओसाका, मेलबर्न. हॉलमधल्या मुली बदलायच्या, पावलं तीच. एकदाच, १९८१ साली, तिने मध्ये सवड काढून स्वतःचं नाटक केलं. एका धुलाईखान्यातल्या बायकांची गोष्ट होती. नऊ दिवसांत बंद पडलं. एका समीक्षकाने लिहिलं की नाच चांगले आहेत, पण बाईंनी लिंडाउअरची शैली उचलली आहे. ते कात्रण तिने माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाली, “आता ह्याला काय सांगू, सांग.” पुढच्याच महिन्यात ती ‘पियर नाइन’ घेऊन टोरांटोला गेली.

१९९१ साली नाटक पुन्हा ब्रॉडवेवर आलं, आणि स्टेज मॅनेजर मीच होते. व्हर्ना अठ्ठेचाळीसची झाली होती. उजव्या खुब्याने दगा दिला होता, काठी घेऊन तालमीला यायची. तिच्या जुन्या जागी ऑन्डीन बॅटिस्ट नावाची न्यू ऑर्लीन्सची मुलगी होती, चोवीस वर्षांची, तोंडाने फटकळ, पायाने विलक्षण.

“मॅडम, एक विचारू?” दुसऱ्या आठवड्यात ऑन्डीन म्हणाली. “ही बाई इथे वळून थांबते ती का?”

“कारण ते तसंच आहे.”

“ते कळलं हो. पण का?”

व्हर्नाने काठीने पियानोवाल्याला पुढे चालू ठेवायची खूण केली. ऑन्डीनने मग तिच्या मनाने करून दाखवलं. ती वळलीच नाही. पाठ समुद्राकडे ठेवून तशीच उभी राहिली, नुसते खांदे हलले, जणू बोट आली तरी मी बघणार नाही. पियानोवाला वाजवायचा थांबला. इतक्या वर्षांत त्या जागी मला कधी काही झालं नव्हतं, त्या दिवशी मी हातातली वही मिटून नुसती बघत राहिले.

“छान आहे,” व्हर्ना म्हणाली. “आता जसं आहे तसं कर.”

पण ते तिच्या मनातून गेलं नाही. गुरुवारी अडेल तालीम बघायला आली. सत्तरीची, ताठ, हातमोजे न काढता खुर्चीत बसणारी बाई. सुट्टीत व्हर्नाने तिला गाठलं. मी शेजारीच होते.

“मिसेस लिंडाउअर, आठ मात्रा बदलायच्या आहेत. फक्त आठ.”

“करार तुम्हाला माहीत आहे.”

“आहे. पण तो नाच मी बसवलाय. सहासष्ट साली, ह्याच रस्त्यावर. त्या हॉलमध्ये ही बर्नी होती.”

अडेलने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मॉरिसने त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तो नाच तुमच्याइतका जपणारं दुसरं कोण मिळालं असतं?”

व्हर्नाने काठी ह्या हातातून त्या हातात घेतली.

“त्याचं एवढंच मागे राहिलंय,” अडेल म्हणाली. “ते मी मोडू देणार नाही. आणि तुमचा पाय बघतेय मी. ती मुलगी पटकन शिकते. तिला सगळं शिकवून ठेवा. तुमच्यानंतर करारावर तिचं नाव घालू.”

त्या दिवशी व्हर्ना जेवली नाही. मला म्हणाली, “सुटेन गं मी. पण त्या पोरीला ह्यात ढकलू? तिचं अख्खं आयुष्य जाईल.” शुक्रवारभर ती ऑन्डीनला काय आणि कसं सांगायचं ह्याच्या विचारात होती. शनिवारी दुपारी समोरच्या हॉटेलात आम्ही तिघी बसलो आणि व्हर्नाने सगळं सांगितलं. नाच कुणाचा, करार काय, आपली वर्षं कशी गेली, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, “त्या बाईला नाही म्हणणं सोपं नसतं. नीट विचार कर. घाई नको.”

ऑन्डीन सूप पीत होती. “ह्यात विचार काय करायचा?” ती म्हणाली. “मी सरळ नाही म्हणून सांगेन.”

“आणि तिने काढून टाकलं तर?”

“तर दुसरीकडे नाचेन.” तिने चमचा खाली ठेवला आणि व्हर्नाकडे बघितलं. तिला टोमणा मारायचा नव्हता, ती खरंच विचारत होती. “तुम्ही ‘नाही’ का नाही म्हणालात?”

व्हर्नाने बिल स्वतःकडे ओढलं. मग म्हणाली, “मला कुणी विचारलंच नव्हतं. तिने पेन पुढे केलं आणि मी सही केली.”

सोमवारी अडेलने विचारलं तेव्हा ऑन्डीनने नाही म्हणून सांगितलं. अडेल म्हणाली, “बरं,” आणि विषय संपला. मी व्हर्नाकडे बघायचं टाळलं. जो नकार द्यायला घाबरण्यात तिची सतरा वर्षं गेली, तो तिच्या डोळ्यांदेखत एका मिनिटात देऊन झाला होता, आणि काही आभाळ कोसळलं नव्हतं. मला वाटलं, आता तीही नाही म्हणून सांगेल. तिने काठी घेतली, हॉलच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि मुलींना म्हणाली, “दुसरा अंक. सुरुवातीपासून.”

ऑन्डीन चार महिन्यांनी शिकागोला गेली, एका छोट्या मंडळीत स्वतःचे नाच बसवायला. नाटक तीन वर्षं चाललं. परीक्षणांत व्हर्नाने मॉरिसच्या मूळ नाचांशी राखलेल्या इमानाचं कौतुक झालं. तिने खुबा बदलून घेतला. पुढे अडेल वारली, हक्क तिच्या भाच्याकडे गेले. त्याने तोच करार पुन्हा पाठवला आणि व्हर्नाने त्यावर सही केली. मी तेव्हा तिला चांगलीच बोलले. ती म्हणाली, “मला दुसरं येतं काय गं आता?”

मी निवृत्त झाल्यावर एकदा माद्रिदहून तिचा फोन आला. तिकडच्या मुली ऐकतच नाहीत, म्हणाली, मनाला येईल तसं काहीतरी घालतात.

“घालू देत की,” मी म्हटलं. “बघणार आहे कोण आता?”

“मी आहे ना,” ती म्हणाली, आणि मुली खोळंबल्यात म्हणून तिने फोन ठेवला.